झाकली मूठ

प्रयोगाचे उत्तर चुकले की आम्ही शिक्षक आधी विद्यार्थ्याकडे रोखून पाहतो. मीही तेच केले आणि तोंडघशी पडलो.

आमच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाच्या प्रयोगासाठी मी 'रुबी' या संगणकभाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली होती. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी संगणकतज्ज्ञाने घडविलेली ही भाषा १९९५ साली सर्वांसाठी खुली झाली. रुबीत आपण आधी 'क्लास' म्हणजे वस्तूचा साचा लिहितो व त्यातून हव्या तितक्या वस्तू घडवितो. वस्तूला जी कामे करता येतात त्यांना 'मेथड' म्हणतात. माझ्या लंबकाला दोन कामे येत. पहिले, गुरुत्वत्वरण काढून देणे. दुसरे, दोऱ्याची लांबी आणि गोळ्याची त्रिज्या यांची बेरीज करून परिणामी लांबी सेंटिमीटरमध्ये सांगणे. हे दुसरे काम केवळ पहिल्याच्या मदतीसाठी होते.

एका विद्यार्थ्याने आपल्या आज्ञावलीत ही परिणामी लांबी परस्पर मागवून घेतली, तिला शंभराने भागून मीटर केले आणि स्वतः गुरुत्वत्वरण काढले. उत्तर चोख येई. पुढे दिवाळीच्या सुटीत मी ती मेथड सुधारून थेट मीटरमध्ये लांबी देणारी केली. माझे उत्तर बिनचूक राहिले. त्याचे मात्र ९.८ च्या ठिकाणी ०.०९८ येऊ लागले!

"माझ्या आतल्या मेथडला हात कशाला लावलास?" मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, ती आतली आहे असे कुठे लिहिले होते?"

त्याचेच खरे होते. रुबीत साच्यामध्ये लिहिलेली मेथड साधारणतः 'पब्लिक', म्हणजे सर्वांना खुली असते. 'प्रायव्हेट' हा एक शब्द स्वतंत्र ओळीवर लिहिला, की त्याखाली येणाऱ्या वस्तूच्या मेथड्स आतल्या ठरतात. मग "लंबका, तुझी परिणामी लांबी सांग" अशी बाहेरून कोणी हाक मारली तर रुबी चूक दाखवून थांबते. लंबकाच्या स्वतःच्या कामांना मात्र ती मेथड वापरता येते. तिसरा प्रकार 'प्रोटेक्टेड'. दोन लंबकांत लांब कोणता हे ठरविताना एकाला दुसऱ्याची लांबी विचारावी लागते. मेथड प्रायव्हेट असेल तर दुसरा लंबक सख्ख्या भावंडालाही नकार देतो. प्रोटेक्टेड असेल तर भावंडाला सांगतो, परक्याला नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेथडच्या आत आपण 'त्रिज्या' नावाचे साधे चल ठेवले, तर ते बाहेर कोणाला दिसतच नाही. बाहेर दुसऱ्या कोणी 'त्रिज्या' हेच नाव वापरले तरी दोघांची गाठ पडत नाही. नावाची ही व्याप्ती भाषा स्वतःच सांभाळते. मेथडची मर्यादा मात्र लिहिणाऱ्याने आखावी लागते, आणि तेथेच माझी चूक झाली.

पुष्कळ ठिकाणी 'प्रायव्हेट म्हणजे गुपित' असे शिकविले जाते. मला हे मुळीच मान्य नाही. आज्ञावली ज्याच्या हाती आहे तो आतली मेथडही वाचू शकतो, आणि वाचावीच. शिवाय रुबीत 'सेंड' नावाची मेथड आहे. तिच्यामार्फत प्रायव्हेट मेथडही बाहेरून चालविता येते. तेव्हा हे तिजोरीचे कुलूप समजून त्यामागे कोणी आपला पासवर्ड ठेवू नये!

मग त्याचा उपयोग काय? माझ्या मते पब्लिक मेथड हे एक वचन आहे. तिचे नाव, तिचा अर्थ, तिचे एकक मी न सांगता बदलणार नाही, असे मी वापरणाऱ्याला सांगत असतो. प्रायव्हेट मेथडबाबत असे वचन नाही. ती मी उद्या बदलीन, कदाचित काढूनही टाकीन. कोणी म्हणेल, सारेच खुले ठेवावे, मुले हुशार असतात. हुशार असतात म्हणूनच ती खुली दिसलेली मेथड वापरतात! वचन न देण्याची इच्छा असेल तर तसे स्पष्ट लिहिणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.

दुसरे कारण तर अगदी व्यवहाराचे आहे. बंद ठेवलेली मेथड पुढे खुली केली, तर सहसा कोणाचे काही बिघडत नाही. खुली मेथड नंतर बंद केली, तर ती वापरणाऱ्या प्रत्येकाची आज्ञावली अडते. म्हणून प्रथम मूठ झाकलेली असावी आणि गरज पडेल तसे एकेक बोट उघडावे. संगणक शिकविताना हा नियम पहिल्या पाठापासून सांगावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मी माझी मेथड आता प्रायव्हेट केली आहे आणि लांबी हवी असणाऱ्यांसाठी नावातच 'मीटर' असलेली दुसरी खुली मेथड दिली आहे. त्या विद्यार्थ्याचे उत्तर पुन्हा ९.८ येते. तुम्हीही आपली एखादी जुनी आज्ञावली काढा आणि तिच्यातील प्रत्येक मेथडपाशी थांबून विचारा: ही मी उद्या बदलली, तर कोणाचे उत्तर चुकेल?