वली तेव्हा कुठे होता?

अल्जेरियाच्या मुक्तियुद्धाचे गोडवे आमच्या सभांतून हौसेने गायिले जातात. १८३० पासून मानगुटीवर बसलेल्या फ्रान्सशी १ नोव्हेंबर १९५४ रोजी लढा पुकारला आणि ५ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला. छाती फुगते, फुगावीच. पण पुढची पाने कोणी उलटत नाही. आम्ही ती उलटणार आहोत.

या युद्धात बायका नुसत्या चुलीपाशी नव्हत्या. त्यांनी निरोप नेले, शस्त्रे लपवली, जखमींची सेवा केली, बॉम्बही ठेवले. लढ्यात सहभागी म्हणून सरकारदरबारी नोंद झालेल्या स्त्रियाच सुमारे ११ हजार! जमीला बुहिरेदला १९५७ मध्ये मृत्युदंड ठोठावला गेला. जगभर ओरड झाली म्हणून तो टळला. जमीला बुपाशाचा १९६० मध्ये कोठडीत अनन्वित छळ झाला. त्यांना कोणी विचारले का, बाई, तुझा वली कुठे आहे?

वलीची आठवण झाली ती स्वतंत्र देशाला, १९८४ च्या कुटुंब कायद्यात. सज्ञान बाईच्याही निकाहाला वली हवा, नवऱ्याची आज्ञा पाळणे हे तिचे कर्तव्य, आणि नवऱ्याला मात्र चार बायकांची मुभा! १९८१ मध्ये या कायद्याच्या मसुद्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत मुक्तियुद्धातल्याच स्त्रिया होत्या.

लगेच उत्तर येईल : हे स्त्रीमुक्तीचे खूळ गोऱ्यांचे आहे. गोऱ्यांचा कावा आम्हीही जाणतो. मे १९५८ मध्ये अल्जीयर्सच्या चौकात बायकांचे पडदे उतरवण्याचे सोहळे त्यांनीच घडवले. एकीकडे तुरुंगात छळ आणि दुसरीकडे हा कळवळा! पण फ्रेंचांच्या ढोंगाने घरच्या अन्यायाला पुण्य कसे लागते?

'आधी स्वातंत्र्य, बायकांचे मग पाहू' म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. स्वातंत्र्यानंतर २२ वर्षांनी बाईच्या पदरात हा कायदा पडला. २००५ च्या दुरुस्तीत आज्ञापालनाचे कलम गेले, वली निवडायची मोकळीक आली. पण वलीची हजेरी आणि बहुपत्नीत्व दोन्ही कायद्यात राहिले.

ज्या हातांनी बॉम्ब पोहोचवला, त्या हातांची सही स्वतःच्या निकाहाला पुरत नाही, हे आम्हांला मान्य नाही. देश स्वतंत्र झाला म्हणून खुशाल जल्लोष करा. पण त्यात कोण कोण स्वतंत्र झाले, तेही मोजा.