हापसा कुठे घ्यायचा?

गावात नवी बोअर मंजूर झाली की पहिला वाद पाण्याचा नसतो, जागेचा असतो. देवळापुढे घ्या, चावडीजवळ घ्या, शाळेपाशी घ्या. आपल्या वस्तीचे नाव निघालेच तर सर्वांत शेवटी. आयाबहिणींना हे सांगायला नको. डोक्यावर हंडा असला की अंतर पायच मोजतात.

या जागेच्या प्रश्नाचेही एक शास्त्र आहे. ऑपरेशन्स रिसर्च असे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धात आपली विमाने, जहाजे आणि रडार कसे वापरावेत हे ठरवायला इंग्लंडने शास्त्रज्ञ बसवले, तेथून ते वाढले. आज एस.टी.च्या फेऱ्या, धान्याची गोदामे, रुग्णवाहिका कोठे उभी करावी, अशा प्रश्नांना हेच गणित लावतात. नाव अवघड असले तरी हिशेब घरातलाच आहे.

समजा, गावात 200 घरे आहेत. 160 गावठाणात, 40 दलित वस्तीत, मध्ये 300 मीटर. हापसा गावठाणात घेतला तर वस्तीच्या 40 घरांनाच चालावे लागेल. सगळ्या गावाची सरासरी पडेल 60 मीटर. वस्तीत घेतला तर सरासरी 240 मीटर. म्हणजे गणिताने कौल दिला गावठाणाला. इंजिनिअरसाहेबही तोच देतील, आणि त्यांच्या मनात काही वाईट असेलच असे नाही.

पण या गणिताने एक गोष्ट न विचारताच धरून टाकली. 300 मीटर चालून गेलेल्या बाईला हापशाच्या दांड्याला हात लावू देतील, ही! महाडचे तळे काही लांब नव्हते. नगरपालिकेने 1924 मध्ये ते खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना तेथे हजारोंसह जावे लागले. हात लावू देत नसतील तर त्या 40 घरांचे अंतर 300 मीटर राहतच नाही. ते मीटरमध्ये मोजता येत नाही. एवढी एक अट हिशेबात घाला, उत्तर उलटते. वस्तीतल्या हापशावर गावठाणातल्या बाईला कोणी अडवणार नाही. पाणी 200 च्या 200 घरांना मिळते.

हे कागदावरचे गणित नाही. आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात जामखेडला ते घडले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लगेच 1972 चा दुष्काळ आला. गावोगाव बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी हापसे दलित वस्तीत येतील अशा जागा मुद्दाम निवडायला लावल्या. ज्यांना पाणी हवे होते त्यांना वस्तीत यावे लागले. भाषणांनी जे होत नाही ते रिकाम्या घागरीने केले.

दवाखान्याचेही तेच. डॉक्टर मोजके, गावे पुष्कळ. आधी नर्सबाईंवर भिस्त ठेवून पाहिली, ते जमले नाही. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकवायचे ठरले. यातल्या कितीतरी जणी दलित, कितीतरी शाळेची पायरी न चढलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून शिकवत. जुलाब, बाळंतपण, पोरांचे वजन हे त्यांनी गावातच सांभाळायचे आणि अडलेले तेवढे जामखेडला पाठवायचे. वस्तीतल्या या बाईला सवर्ण घरे लगेच आत घेत नव्हती. बाळंतीण अडली की घेऊ लागली. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे 1971 च्या सुमारास हजारी 176 बालके पहिल्या वर्षातच दगावत. 1990 च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2005 पासून सरकारनेही गावातलीच ‘आशा’ नेमायला सुरुवात केली. हिशेब साधारण हजार लोकवस्तीमागे एक. हजार माणसे मोजणे सोपे आहे. तुमच्या गावची आशा कोणत्या घरांत शिरते, कोणत्या घरांच्या बाहेरूनच हाक मारते, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही. मैत्रिणींनो, एकदा मोजून पाहा. हापसा, अंगणवाडी, रेशनचे दुकान आपल्या दारापासून किती पावलांवर आहे, आणि तेथे पोचल्यावर किती वेळ उभे राहावे लागते, दोन्ही लिहून कळवा.