दिवा विझवा, पण तेवढ्यावर थांबू नका



'वीज वाचवा' ही पाटी तुम्ही अनेकदा वाचली असेल. तिचा अर्थ आपण काय लावतो? दिवा विझवा, पंखा बंद करा, थोडे उकडले तर सोसा. ही झाली काटकसर. ती चांगलीच, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते. काटकसर म्हणजे काम कमी, म्हणून वीज कमी. कार्यक्षमता म्हणजे काम तेवढेच, पण वीज कमी. या दोहोंत गल्लत झाली की घराचे आणि सरकारचेही निर्णय चुकतात.

मरीन ड्राइव्हचेच उदाहरण घ्या. २०१५ साली तेथील सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावण्यात आले. वीज वाचणार होती; पण 'राणीच्या हारा'चे सोने गेले अशी ओरड झाली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जणू बचत हवी तर सौंदर्य सोडावेच लागते! भौतिकशास्त्र असे सांगत नाही. सोडियमचा दिवा चहूकडे प्रकाश फेकतो, त्यातला काही भाग वाया जातो. एलईडीचा प्रकाश हवा तिकडेच पाडता येतो. बचत होते ती प्रामुख्याने यामुळे. तिचा रंगाशी संबंध थोडा. पिवळसर एलईडी पांढऱ्याहून किंचित कमी कार्यक्षम असतो, इतकेच. पुढे तेथे पिवळसर प्रकाश परत आणावा लागला. हा विचार आधी झाला असता, तर लोकांचा एलईडीवर राग झाला नसता.

आता लालबागच्या एखाद्या चाळीत या. खोलीला एक खिडकी, माणसे पाच आणि महिना मे. तेथे 'पंखा बंद करा' असे सांगणे शहाणपणाचे नाही. विचारायचे ते हे, की पंखा कोणता? साध्या पंख्याला सुमारे ७५ वॅट लागतात. त्याच्या फिरत्या भागात वीजप्रवाह निर्माण होतो व काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. 'बीएलडीसी' पंख्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात. त्यामुळे ही हानी टळते आणि तेवढीच हवा सुमारे ३० वॅटमध्ये मिळते.

हिशेब करू या. फरक ४५ वॅटचा. रोज १६ तास, वर्षाचे ३०० दिवस पंखा चालला, तर २१६ युनिटे वाचतात. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाला सुमारे १,५०० रुपये. एवढी वीज वाचली आणि कोणी घामाघूमही झाले नाही!

"पण नवा पंखा महाग पडतो, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि सरकारी धोरणाचे काम येथेच सुरू होते. सरकारने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली, तेव्हा २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ४० रुपयांच्या आत आला. पंख्यांसाठीही २०२३ साली असा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच वर्षीपासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे. दर वॅटमागे पंखा किती हवा देतो, यावर ते तारे ठरतात.

लेबलाने मात्र सगळे प्रश्न सुटत नाहीत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींचा पुनर्विकास पाहा. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसे उंच इमारतीतील ५०० चौरस फुटांच्या घरात जातात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आता लिफ्ट आली, पाण्याचा पंप आला. १,००० लिटर पाणी ७० मीटर चढवायला किमान ०.१९ युनिट लागते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के असेल तर त्याच्या दुप्पट. पंप निवडतो बांधणारा, बिल भरतो राहणारा. खिडकी कोठे, भिंत किती तापणार, हेही राहणाऱ्याला विचारून ठरत नाही. केंद्राने निवासी इमारतींसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली आहे. नकाशा मंजूर करतानाच तिची कसोटी लावली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीतील चूक रहिवाशांना दिवे विझवून भरून काढता येणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. 'वीज वाचवा'वर निबंध देण्याऐवजी एक प्रयोग द्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. समजा, मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असे लिहिले आहे. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, घरातील बाकी सर्व उपकरणे बंद ठेवून, फक्त पंखा पूर्ण वेगाने चालवा. दहा मिनिटांत ४० लुकलुकी मोजल्या तर पंखा ७५ वॅटचा. १६ मोजल्या तर ३० वॅटचा. मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. मग तो आकडा वहीत लिहून घरच्यांना दाखवा. पुढचा पंखा घेताना आणि सोसायटीच्या सभेत नव्या पंपाची चर्चा निघेल तेव्हा तो उपयोगी पडेल.