एमजीबीत रोटरी इंजिन घालावं का?

घालावं. पण सगळ्यांनी नाही, आणि धडधाकट गाडीत तर मुळीच नाही.

ओळखीच्या एका रिटायर्ड सुभेदार साहेबांचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याने तिथे एक जुनी एमजीबी घेतली आहे. बॉडी चांगली, पण इंजिनाचा ब्लॉक फुटलेला. आता तिच्यात माझ्दाचं रोटरी इंजिन बसवायचं त्याने मनात घेतलंय. साहेबांनी मला फोन केला. म्हणाले, "तुम्ही ईएमईवाले, तुम्हीच सांगा, पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना?" फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पेन्शनीनंतर नीलामातली जोंगा घेऊन तिच्यात डिझेल इंजिन टाकणारे आपल्यात कमी नाहीत, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

एमजीबी ही ब्रिटिश दोन सीटांची स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि काही वर्षं ऑस्ट्रेलियातही जोडल्या जात होत्या. म्हणजे ही काही संग्रहालयातली एकुलती एक वस्तू नव्हे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्याला अनोळखी नाही. स्टाफ कार म्हणून आपण ज्या अँबेसेडर चालवल्या, त्यांच्यातलं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं. ओतीव लोखंडाचं, जड, साधं, कुठल्याही मिस्त्रीला कळणारं. ताकद साधारण ९५ हॉर्सपॉवर, पण खालच्या आरपीएमला ओढ चांगली.

रोटरी याच्या अगदी उलट. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. मधे किंचित आवळलेल्या लंबगोल घरात तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर सक्शन, कम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट हे चक्र चालू राहतं. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणून दोन रोटरचं इंजिन शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के देतं, चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकइतकेच. माझ्दाचं १३बी कागदावर १३०८ सीसीचं, पण वागतं दुप्पट आकाराच्या इंजिनासारखं. आकाराने लहान असल्याने एमजीबीत ते खाली आणि मागे सरकवून बसवता येतं, नाकावरचं वजन कमी होतं आणि गाडी वळणावर हलकी लागते. हा फायदा खरा आहे, हौशी लोकांची बढाई नाही.

ऑस्ट्रेलियात ही हौस इतकी का फोफावली, यालाही कारण आहे. तिथे रोटरी माझ्दा भरपूर विकल्या गेल्या. १९८३ ची तिथली टूरिंग कार चॅम्पियनशिप ॲलन मॉफॅटने आरएक्स-७ घेऊन जिंकली. त्यामुळे इंजिनं, सुटे भाग आणि मुख्य म्हणजे रोटरी उघडलेले हात तिथे सापडतात. हेच पोर नागपूर किंवा जयपूरला असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं. ज्या इंजिनाचा मिस्त्री दोनशे किलोमीटरच्या आत नाही, ते इंजिन घेऊ नये. युनिटमध्ये एखादी गाडी महिनोन्‌महिने ऑफ रोड पडून राहते, ती बहुतेक वेळा बिघाड मोठा म्हणून नव्हे, पार्ट मिळत नाही म्हणून.

आता दुखणं. रोटरच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील असतात, पिस्टन रिंगचंच काम करणारे. ते झिजले किंवा तुटले की कम्प्रेशन गेलं. सुरुवातीला हे सील घराच्या आतल्या भिंतीवर थरथरत आणि लाटांसारखे ओरखडे पाडत. माझ्दात त्याला सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी त्यावर कित्येक वर्षं घालवली, तेव्हा १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट विकायला आली. त्याच वर्षी जर्मनीच्या एनएसयूने रो-८० काढली. गाडी सुंदर, १९६८ ची युरोपातली कार ऑफ द इयर, पण इंजिनं वॉरंटीत परत येऊ लागली आणि कंपनी मोडकळीला आली. पुढे कित्येक रो-८० मालकांनी, विशेषतः ब्रिटनमध्ये, ते रोटरी काढून फोर्डचं व्ही-४ बसवलं. आज पोरं जे इंजिन हौसेने घालतात, तेच एके काळी लोक वैतागून काढत होते, हे साहेबांच्या चिरंजीवांनी लक्षात ठेवावं.

तेव्हापासून सील पुष्कळ सुधारले. १९९१ साली माझ्दाची चार रोटरची ७८७बी चोवीस तासांची ल मांस शर्यत जिंकली, ती काही नशिबाने नव्हे. पण स्वभाव बदलला नाही. सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं तेल जाळतं, म्हणून डिपस्टिक वरचेवर बघावी लागते. पेट्रोल जास्त पितं. उष्णतेचा मोठा वाटा तेलात जातो, त्यामुळे नुसता रेडिएटर मोठा करून भागत नाही, चांगला ऑइल कूलर लागतोच. एक्झॉस्ट एवढा तापतो की शेजारच्या वायरी आणि फ्लोअरबोर्ड यांचा आधी विचार करावा. शिवाय थंड इंजिन चालू करून गाडी दहा पावलं सरकवली आणि बंद केली, तर ते पेट्रोलने फ्लड होऊन पुन्हा सुरू व्हायला नकार देतं. लाइनमध्ये गाड्या इकडून तिकडे लावणाऱ्या आपल्या लोकांच्या सवयी त्याला चालायच्या नाहीत.

माझं मुख्य म्हणणं मात्र इंजिनाबद्दल नाहीच. गाडी ही एकट्या इंजिनाची नसते. एमजीबीचे ब्रेक, स्टीअरिंग, मागचा ॲक्सल आणि जुन्या पद्धतीचे लिव्हरवाले डँपर ९५ हॉर्सपॉवरच्या हिशेबाने बसवलेले. साधं १२ए घातलं तर ताकद त्याच्याच आसपास राहते आणि गाडी ते सोसते. टर्बोवालं १३बी घातलं की अडीचशे हॉर्सपॉवर आणि मागे साठच्या दशकातले ड्रम ब्रेक. इथे मी साहेबांच्या बाजूने आहे. पोराला साध्या, बिनटर्बोच्या इंजिनावर थांबवा. नवीन गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, माउंटिंग, क्रॉसमेंबर हा खर्च इंजिनाच्या किमतीत कुणीच धरत नाही, आणि कामं अर्धवट राहतात ती इथेच.

सेकंडहँड इंजिन घेताना रोटरीसाठी असलेल्या टेस्टरवर कम्प्रेशन घ्यायला लावावं. साधा गेज एकच आकडा दाखवतो, इथे प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दिसायला हवेत. विकणारा चालू इंजिनाचा व्हिडिओ पाठवून भागवत असेल तर दुसरं इंजिन बघावं. आणि चॅसीचं पत्र्याचं कापकाम जिथे टाळता येईल तिथे टाळावं, म्हणजे उद्या बी-सिरीज परत बसवता येईल.

मूळ गाडी म्हणजे पवित्र वस्तू, तिला हात लावू नये, असं म्हणणारा एक वर्ग आहे. मला ते पटत नाही. फौजेत इंजिनं बदलली जातातच. इस्रायलने ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यांतलं पेट्रोल इंजिन काढून अमेरिकी डिझेल बसवलं आणि ते रणगाडे पुढची कित्येक वर्षं लढले. रोटरीही आपल्याला परकं नाही. निशांत या आपल्या ड्रोनसाठी एनएएल, एडीई आणि अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) व्हीआरडीईने मिळून देशी वांकेल इंजिन तयार केलं. ते लावलेलं निशांत एप्रिल २००९ मध्ये कोलारच्या जुन्या धावपट्टीवर उडवून बघितलं गेलं. हलकं इंजिन, कमी थरथर, खाली कॅमेरा. तिथे वांकेलला पर्याय शोधायची गरज नव्हती. काम बघून इंजिन निवडलं होतं. फुटक्या ब्लॉकच्या एमजीबीत तेच करायला माझी हरकत नाही. चालू, मूळ इंजिनाच्या गाडीत केलं तर ती नासधूस.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने एका फटक्यात निकालात काढलाय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०२१ चे व्हिंटेज नियम ५० वर्षांहून जुन्या गाडीला वेगळा नंबर देतात, पण ती मूळ रूपात असेल तरच. हेतू चांगला आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजांत काय वेल्डिंग चालतं ते मी जम्मूपासून जोरहाटपर्यंत पाहिलंय. पण परिणाम असा की ३९५६ सीसीच्या पेट्रोल जोंगात डिझेल घातलेलं असतं, आरसीवर पेट्रोलच असतं, आणि अपघात झाला की विमा कंपनीला ते पहिल्या तपासणीत सापडतं. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त इंजिनिअर गाडी तपासून सही करतो, ब्रेकसकट. बदल केलेली गाडी बघणारा, नापास करणारा आणि पास झाली तर कागदावर आणणारा असा एक माणूस आपल्या आरटीओतही बसवायला हवा. ईएमईतून दरवर्षी रिटायर होणाऱ्या आर्टिफिसरांमध्ये हे काम डोळे मिटून करू शकणारी माणसं आहेत, आणि त्यातली बरीच आज कुठल्या तरी गेटवर सिक्युरिटीची ड्युटी करताहेत.