शेजारी ठेवलेली वाक्ये

इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याने अमेरिकेवरचा ११ सप्टेंबर २००१चा हल्ला घडवला, असे तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सरळ शब्दांत कधी सांगितले नाही. तरीही ऑगस्ट २००३मधल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पाहणीत दहापैकी जवळपास सात अमेरिकनांना त्या हल्ल्यात सद्दामचा हात असावा, असे वाटत होते. हे घडले कसे?

बुश यांच्या भाषणांत न्यूयॉर्कच्या कोसळलेल्या मनोऱ्यांची आठवण येई आणि तिला लागूनच इराकचे नाव. दोन्ही वाक्ये सुटी वाचली तर बोट ठेवायला जागा नाही. मधला सांधा ऐकणाऱ्याने स्वतःच जुळवला. आणि आपण स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस सहसा शंका घेत नाही.

दुसरी तऱ्हा भीतीची. इराककडील अण्वस्त्रांच्या ठोस पुराव्यासाठी थांबलो तर तो अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच समोर येईल, अशा आशयाचे विधान राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी ८ सप्टेंबर २००२ रोजी दूरचित्रवाणीवर केले. महिनाभराने, ७ ऑक्टोबरला, बुश सिनसिनाटीत तेच बोलले. या बोलण्याला उत्तर देणे फार कठीण, कारण पुरावा मागणाराच बेजबाबदार ठरतो. त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार अध्यक्षांच्या हाती दिला.

मार्च २००३मध्ये इराकवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. सद्दामचा ११ सप्टेंबरशी संबंध असल्याचा पुरावा नाही, हे बुश यांनी स्वतः सांगितले ते त्या सप्टेंबरात. पुढच्या वर्षी अमेरिकेच्याच शोधपथकाने इराककडे महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हते, असा अहवाल दिला. तोवर इराकमध्ये हजारो घरे उजाड झाली होती.

संपादक म्हणून मला अधिक छळते ती वृत्तपत्रांची वागणूक. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या इराकविषयक बातम्यांची पुरेशी छाननी झाली नव्हती, हे मे २००४मध्ये छापून मान्य केले. पण ‘नाइट रिडर’ समूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल युद्धाआधीच सरकारच्या दाव्यांवर शंका मांडत होते. मंत्र्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्यांशी बोलावे, ही त्यांची साधी रीत. म्हणजे कळणे शक्य होते.

उदाहरण दूरचे घेतले ते मुद्दाम. त्या युद्धाची बरीच कागदपत्रे आज खुली आहेत आणि ती वाचताना आपला स्वतःचा राग-लोभ फारसा आड येत नाही.

यंदाच्या अंकातल्या युद्धविषयक लेखांसाठी आम्ही लेखकांना एकच विनंती केली. दोन घटना शेजारी ठेवल्या असतील तर त्यांच्यात काय नाते आहे ते लिहा. ‘म्हणून’ म्हणायचे असेल तर उघड म्हणा आणि आधार द्या. त्यासाठी काही लेख परत पाठवावे लागले.