जॉन ब्राउनचा निवाडा

मे १८५६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून तलवारींनी कापून काढलं. १८५९ मध्ये व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर त्याने घातलेल्या छाप्यात पहिला बळी गेला तो हेवर्ड शेफर्डचा. तो रेल्वेवरचा हमाल होता, स्वतंत्र कृष्णवर्णीय. या रक्तपाताला दहशत म्हणायला आम्ही कचरत नाही. पण तेव्हा सुमारे ४० लाख गुलाम माणसं चाबकाच्या आणि लिलावाच्या धाकात जगत होती आणि त्या दहशतीला कायद्याचं पाठबळ होतं. ब्राउनला फासावर चढवणारं व्हर्जिनिया निर्दोष आणि तो एकटाच दहशतवादी, हा निवाडा आम्हाला मान्य नाही. त्याच्या हत्यांचं समर्थन नको. पण त्याने पुकारलेला लढा न्यायाचाच होता, हेही ठणकावून सांगायला हवं.