आधी बॅटरी मोजा, मग भाव बोला

“इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरलंय. नवी काढू, की वापरलेली बघू?” हा प्रश्न आता आपल्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहू लागला आहे. वर्षानुवर्षे गाडी आपल्याकडे सोडणारा माणूस शोरूममधल्या मुलापेक्षा आपल्या मिस्त्रीचा शब्द जास्त मानतो, म्हणून तो इथे येतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीबाबत हा शब्द आपण सहज देत होतो. इंजिन चालू करून दोन मिनिटे ऐकले, ऑइलचे झाकण उघडून पाहिले, सायलेन्सरचा धूर बघितला की गाडीची कुंडली कळायची. इलेक्ट्रिक गाडीत कानाला आणि नाकाला फारसे काही सांगता येत नाही. तरीही बाजारात या गाड्यांचे भाव आजही मॉडेलचे वर्ष, किलोमीटर आणि रंगाची चकाकी पाहूनच ठरतात. व्यवसाय म्हणून आपली खरी कमतरता इथे आहे, आणि या अंकात तीच स्पष्टपणे मांडायची आहे.

आधी भाव इतके का पडतात ते पाहू. ‘बॅटरी लवकर मरते म्हणून’ असे गिऱ्हाईक धरून चालते आणि आपल्यातलेही अनेक जण तेच सांगतात. मोठे कारण दुसरेच आहे. जानेवारी 2020 मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, तेव्हा तिची शोरूम किंमत 13.99 लाखांपासून सुरू होत होती. सप्टेंबर 2024 मध्ये सणांच्या तोंडावर किमती उतरल्या आणि तिचीच सुधारलेली आवृत्ती 12.49 लाखांपासून मिळू लागली. नवीच गाडी पहिल्या मालकाने मोजलेल्या किमतीच्या खाली आली, तर जुनीला भाव कुठून येणार? त्यात नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के. वापरलेली गाडी विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर मात्र 18 टक्के; डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने तो दर 12 वरून वाढवायचे ठरवले. म्हणजे पडलेल्या भावाचा बराचसा भाग बाजाराने आणि करांनी पाडलेला आहे. त्यात बॅटरीच्या प्रकृतीचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. ज्याला ते मोजता येईल त्याला या बाजारात चांगला माल ओळखता येईल.

बॅटरी किती झिजते याचे काही आधार हाताशी आहेत. वाहनांच्या माहितीवर काम करणाऱ्या जिओटॅब या कॅनडाच्या कंपनीने 2024 मध्ये केलेल्या विश्लेषणात सरासरी झीज वर्षाला 1.8 टक्के निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या मार्च 2022 च्या टिकाऊपणाच्या नियमात 5 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरला किमान 80 टक्के आणि 8 वर्षे किंवा 1.6 लाख किलोमीटरला किमान 70 टक्के क्षमता उरावी, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडेही बॅटरी आणि मोटरला 8 वर्षे किंवा 1.6 लाख किलोमीटरची वॉरंटी रूढ झाली आहे. पण सरासरी ही सरासरीच. घरी रात्री सावकाश चार्ज होणारी, सावलीत उभी राहणारी गाडी आणि दिवसातून दोनदा फास्ट चार्जरवर लागणारी, भर उन्हात विदर्भात फिरणारी टॅक्सी यांचे वय कागदावर सारखे असले तरी बॅटरीचे वय सारखे नसते. एप्रिल 2025 मध्ये ब्लूस्मार्ट या टॅक्सी कंपनीची सेवा बंद पडली, तेव्हा हजारो इलेक्ट्रिक टॅक्सी एकदम उभ्या राहिल्या. अशा ताफ्यातल्या गाड्या हातोहात फिरत आपल्यापर्यंतही येतील. स्वस्त दिसतील. पण बरेच दिवस चार्जिंगविना उभी असलेली बॅटरी आणि रोज राबलेली बॅटरी, दोन्ही तपासल्याशिवाय घेणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा जुगारावर लावणे.

मोजायचे कसे? यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. भिंतीवर एक चांगला सबमीटर बसवा आणि 15 अँपिअरचा, नीट अर्थिंग असलेला पॉइंट काढा. समजा पुढ्यात 30.2 किलोवॅट-तास बॅटरीची नेक्सॉन आहे. गाडी एकदा पूर्ण 100 टक्के भरा. मग 20 टक्क्यांपर्यंत चालवून आणा आणि संध्याकाळी पुन्हा लावा. सकाळी मीटर वाचा. भरलेला भाग 80 टक्क्यांचा, म्हणजे बॅटरीत साधारण 24 युनिट जायला हवेत. चार्जरमध्ये आणि गरम होण्यात दहाएक टक्के वाया जातात असे धरले, तर मीटरवर 27 च्या आसपास आकडा दिसेल. तो 22 आला, तर आत गेलेली वीज 20 युनिटच्या जवळपास आणि बॅटरीची क्षमता मूळच्या 82 टक्क्यांवर आली असे समजा. हा हिशेब तंतोतंत नाही. कंपनी थोडी क्षमता राखून ठेवते, हवामानानेही फरक पडतो. म्हणून त्याच मॉडेलची एक नवीकोरी गाडी एकदा मोजून तिचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि पुढच्या गाड्या त्याच्याशी ताडून पाहा.

आधी पूर्ण भरायला सांगितले त्याला कारण आहे. लोह-फॉस्फेट रसायनाच्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो. महिनोन्महिने 30 ते 80 टक्क्यांत फिरणाऱ्या गाडीचा काटा त्यामुळे खरा आकडा विसरतो. त्याच कारणाने सेलमधला फरकही मधल्या टप्प्यात पाहून उपयोग नाही. ओबीडीला स्कॅनर जोडून सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलचा व्होल्टेज बॅटरी भरत आलेली असताना आणि उतरत आलेली असताना, असा दोनदा पाहा. शंभराच्या आसपास सेलपैकी एक जरी इतरांआधी खाली बसत असली, तरी गाडी तिच्या हिशेबाने थांबते. बाकीच्या सेलमध्ये शिल्लक असलेली वीज तशीच राहते. सरासरी आकडा चांगला आणि गाडी मात्र 15 टक्के शिल्लक असताना रस्त्यात उभी, अशी तक्रार आली तर पहिला संशय याचाच घ्यावा.

दुसरी तपासणी पाण्याची. 25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यालगत एकतानगरीत गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. कोल्हापूर-सांगलीने 2019 आणि 2021 मध्ये तेच सोसले. बॅटरीचा डबा ठरावीक वेळ पाण्याखाली तग धरेल असा बांधलेला असतो, पण कनेक्टर आणि केबलची टोके नंतर हळूहळू गंजतात. सीटच्या रुळांत वाळलेला गाळ आणि खालच्या पत्र्यावर दगडाचा ठोका आहे का हे बघाच. मग इन्सुलेशनचा रोध मोजा. एआयएस-038 या आपल्या मानकात डीसी परिपथाला प्रति व्होल्ट किमान 100 ओहम, आणि एसी त्याला जोडलेला असेल तर 500 ओहम सांगितले आहेत. धडधाकट गाडी याच्या कितीतरी वर असते. हे काम मात्र शिकलेल्यानेच करायचे. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालून, सर्व्हिस प्लग काढून, कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबून. नारिंगी केबलला हात घालणाऱ्या पोराला आधी प्रशिक्षणाला पाठवा. त्याच्या जिवापुढे कुठलाही सौदा मोठा नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. 2025 पासून महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई, तसेच टाटांच्या हॅरियर ईव्हीसारख्या गाड्यांना पहिल्या खासगी मालकासाठी बॅटरीची आजीवन वॉरंटी आहे. आरसीवर नाव बदलले की ती ठरावीक वर्षे आणि किलोमीटरवर येते. ही अट गिऱ्हाइकाला सौद्याआधी वाचून दाखवा, नंतर नव्हे. एमजी विंडसर बॅटरी भाड्याच्या योजनेतली असेल, तर बॅटरीचा करार कोणाच्या नावे आहे आणि थकबाकी किती, हे लेखी घेतल्याशिवाय ट्रान्स्फरच्या फॉर्मवर सही घेऊ नका. आणि 2020 च्या सुरुवातीला विकल्या गेलेल्या पहिल्या नेक्सॉनांची आठ वर्षे जानेवारी 2028 पासून संपू लागतील. आज ती गाडी विकताना किती महिने वॉरंटी उरली, हे किलोमीटरच्या शेजारी लिहिलेच पाहिजे.

मग गिऱ्हाइकाला काय सांगायचे? आमचे मत ठाम आहे. घरी चार्जिंगची हक्काची जागा आहे, रोजचा फेरा शहरातला आहे, बजेट बेताचे आहे, तर दोन-चार वर्षे वापरलेली, मोजून घेतलेली, निदान चार वर्षे वॉरंटी शिल्लक असलेली गाडी त्याला नव्यापेक्षा फायद्याची. पहिल्या मालकाने सोसलेली घट त्याच्या पदरात पडते. दरमहा लांबचे पल्ले मारणारा आणि गाडी दहा वर्षे ठेवणारा असेल, तर त्याने नवीच काढावी. मोठी बॅटरी आणि पहिल्या मालकाची वॉरंटी त्याच्याच उपयोगाची. आणि ज्याच्या सोसायटीत अजून पॉइंटच मिळत नाही, त्याला दोन्हींपासून सध्या लांब राहायला सांगा. कमिशन बुडेल, पण माणूस टिकेल.

कंपन्यांकडेही आमची एक मागणी आहे. बॅटरीची उरलेली क्षमता गाडीच्या संगणकाला माहीत असते, तरी ती अधिकृत सर्व्हिस सेंटरबाहेर मिळणे अवघड आहे. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होत आहे. बॅटरीच्या प्रकृतीची नोंद त्यात ठेवायची आहे आणि रास्त कारण असलेल्याला ती पाहता येणार आहे. मालकाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची प्रकृती त्याला आणि त्याच्या मिस्त्रीला कळू नये, हे कुठल्याही अर्थाने योग्य नाही. केंद्राने इथेही ती सोय सक्तीची करावी, यासाठी आपल्या संघटनांनी आता बोलायला हवे.

तोवर आपले आकडे आपणच जमवू. या अंकासोबत एक कोरा तक्ता जोडला आहे: मॉडेल, नोंदणीचा महिना, किलोमीटर, खासगी की टॅक्सी, चार्जिंगच्या आधीचे आणि नंतरचे टक्के, मीटरवरचे युनिट, त्या रात्रीचे अंदाजे तापमान, सेलमधला सर्वांत मोठा फरक. मालकाचे नाव किंवा गाडीचा नंबर नको. महिनाअखेर भरलेला तक्ता संपादकीय कार्यालयात पाठवा. आलेले आकडे मॉडेलनिहाय लावून पुढच्या अंकापासून छापत जाऊ, म्हणजे लातूरच्या गॅरेजला नाशिकची आणि पनवेलच्या व्यापाऱ्याला अकोल्याची गाडी ताडून पाहता येईल.